एकेचाळिसावी भट्टी
दिल्लीतल्या मयूर विहारहून निघणारी चार्टर्ड बस कुमुदला सकाळी आठला उचलायची आणि संध्याकाळी अंग आंबवून परत आणून टाकायची. अठ्ठ्याण्णव सालापर्यंत या येण्याजाण्याला सहा वर्षं झाली होती. नोएडातल्या एका छोट्या कंपनीत ती केमिस्ट होती. हाडात पडलेली पोकळी भरायला कॅल्शियम फॉस्फेटची पावडर बनवायची, हे तिचं काम.

नुसती पावडर कोणीही केली असती. कुमुदला तिचे स्फटिक आतून सच्छिद्र हवे होते, तेही साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसणार नाहीत इतक्या बारीक छिद्रांचे. मग स्फटिक हळूहळू विरघळतात आणि त्यांच्या जागी नवं हाड भरतं. नाहीतर दगड घातल्यासारखंच. स्फटिक वाढताना ती त्यांत जिलेटीन अडकवायची आणि नंतर भट्टीत जाळून टाकायची. जळाल्या जागी छिद्र उरे. भट्टी थोडी जास्त तापली की छिद्रं मिटत. कमी तापली की सगळ्याचा बोटानं चुरा होई. त्यात रोज वीज जायची.

एकेचाळिसाव्या खेपेला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या फोटोत हवी तशी छिद्रं दिसली. कुमुद स्टुलावर बसून राहिली. आनंद होण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

रीतसर परवानगी काढून सहा रुग्णांमध्ये ती पावडर भरली गेली. पण त्यांचा निकाल यायच्या आतच मालक भाटियाजींनी तिला बोलावलं.

"मॅडम, डॉक्टर लोग अब इम्पोर्टेड ही माँगते हैं. हमने एजन्सी ले ली है. भट्टी बंद कर देते हैं."

"और मैं?"

"आप पॅकिंग देख लीजिए."

"सोड ना मग," रात्री घरी दत्तात्रय, तिचा नवरा, म्हणाला.

"आपल्या मानसचं कॉलेज व्हायचंय अजून," ती म्हणाली आणि परदेशी डब्यांवर लेबलं लावून घेऊ लागली.

वर्षभरानं हाडांचे डॉक्टर पुष्कर यांचा फोन आला, म्हणून कुमुद त्यांच्याकडे गेली. त्यांच्या दवाखान्यात त्या सहा रुग्णांपैकी एक, अरुणा नावाची शिक्षिका, बसली होती. तिच्या मनगटाच्या हाडातली गाठ काढून तिथे कुमुदची पावडर भरली होती. डॉक्टरांनी दोन एक्स-रे लावले. पहिल्यात पांढरे कण दिसत होते. दुसऱ्यात नुसतं हाड.

"तुमची पावडर शोधा बघू यात," ते म्हणाले.

कुमुदनं बराच वेळ पाहिलं. कुठेच काही नव्हतं.

"आता फळ्यावर लिहिता येतं मला," अरुणा म्हणाली.

"अजून मिळेल?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. भट्टी भंगारात गेली."

"मग कृती तरी लिहून द्या."

तिथल्याच बाकावर बसून कुमुदनं सात पानं लिहिली. फसलेल्या चाळीस खेपाही त्यात आल्या. डॉक्टरांनी ती पानं एका सरकारी संस्थेला दाखवली. दोन महिन्यांनी तिथून विचारणा झाली: सुट्टीच्या शनिवारी येऊन शिकवाल का?

"महिन्यातून दोनच तर शनिवार मिळतात तुला," दत्तात्रय म्हणाला.

"हो म्हणून कळवलंय," कुमुद म्हणाली आणि पाय लांब करून तिथेच सतरंजीवर आडवी झाली.