मी पाडलेला बर्फ

"अरे, कसला बर्फ? ऊन पडलंय इथे, ऊन! टोपी घालून बसलोय!"

मनालीहून बाबा ओरडत होते. त्यांचा आवाज असा, की फोन ते केवळ सभ्यता म्हणून वापरायचे. इकडे सिंगापूरला, चांगी बिझनेस पार्कातल्या आमच्या ऑफिसच्या पँट्रीत, मी फोन हातभर लांब धरला होता, तरी कॉफीचं मशीन थरथरलं.

बर्फ मीच पाडला होता.

त्याचं असं झालं. आई गेल्यावर आम्हा बापलेकांकडे बोलायला एकच विषय उरला, हवामान. त्यातही माझी बाजू लंगडी. सिंगापूरचा एक दिवस देवाने हाताने केला आणि बाकीचे तीनशे चौसष्ट कार्बन लावून काढले. "काय हवा?" "कालचीच." संपला फोन. मग फ्लॅटवर मी पंख्याशी बोलायचो. तोही नुसता नाही-नाही म्हणून मान हलवायचा.

एप्रिलात बाबा ज्येष्ठांच्या सहलीबरोबर हिमाचलला निघाले आणि माझं नशीब उघडलं. रोज मी तिकडचा अंदाज नेटवर काढून त्यांना फोनवर वाचून दाखवू लागलो: दिल्लीत चटके, दुपारनंतर वारा, वर डोंगरात हलका बर्फ. एवढ्याला दोन मिनिटंही लागेनात. मग मी वाऱ्याने एक बस उडवली. दिल्लीचं डांबर वितळवून त्यात हत्ती रुतवला. बाबा खदखदून हसायचे, "बरं, पुढे?" म्हणायचे. काल तर फोन अर्धा तास रंगला, आणि त्या भरात मी मनालीच्या वरच्या खिंडीत कमरेएवढा बर्फ घातला. वर बजावलं, "बाबा, मला विचारल्याशिवाय वर पाऊल टाकायचं नाही हं."

हत्तीवर ते हसले होते. बर्फावर हसले नाहीत. तिथेच मला कळायला हवं होतं.

सकाळी सगळी मंडळी वर गेली. हे एकटे हॉटेलच्या अंगणात राहिले. जन्मात एकदा बर्फ हातात घ्यायचा, एवढ्यासाठी निघालेला माणूस; आणि उद्या सकाळी परतीची गाडी.

"ग्रुपवर सगळ्यांचे बर्फातले फोटो आलेत," ते म्हणाले. हळू म्हणाले. बाबांकडे हळू आवाज आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

"बाबा," मी घाईघाईने म्हणालो, "उद्याचा अंदाज सांगू का? अगदी खरा सांगतो."

"नको. खोलीला खिडकी आहे."