शेपटीतून लावलेला झिंगा

मस्तगडला पंक्चर काढणारे एक काका मला दर रविवारी तलावावर भेटतात. जिवंत झिंगा ते गळाला शेपटीतूनच लावतात आणि ट्यूब तपासावी तसा डब्यातल्या पाण्यात बुडवून बघतात. पाय हलले तरच गळ तलावात पडतो.

पोरांना शाळेत ‘सावकाश’ शिकवणारा मी मात्र घाईत डोक्यातूनच टोचायचो. वर्षभर काही लागलं नाही.

परवा त्यांनी आपला शेवटचा झिंगा माझ्या तळहातावर ठेवला. “जल्दी न्हाई करायची, सर. डोक्यात जीव असतो त्याचा.”

मी शेपटीतून टोचला, बुडवून बघितला. थोड्या वेळानं हातभर मरळ बाहेर आली.

एरवी गिऱ्हाइकाशीही न बोलणाऱ्या काकांनी ती सायकलच्या हँडलला टांगली आणि मस्तगडच्या दुकानादुकानापुढं थांबून सांगितलं, “सरांनी धरली. झिंगा बराबर लावल्ता.”