भात निवतोय

देवळात गेले तरी माझं अर्धं लक्ष बाहेर काढलेल्या चपलांकडे असतं, तेव्हा असल्या गोष्टींवर माझा विश्वास किती असेल ते समजून घ्या. या सदरातले गूढ अनुभव मी आजवर चहाबरोबर चवीने वाचले आणि कप विसळता विसळता विसरले. आता स्वतःचाच लिहायची वेळ आलीये... हसा खुशाल.

आम्ही इकडे किवींच्या देशात, अप्पर हटला राहतो. मी, नवरा सचिन, दहा वर्षांची मीरा, आणि सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेले माझे बाबा. बाबा लष्करी विमानात रेडिओवर होते. अरबी समुद्रात वादळ उठलं की त्यांचं विमान त्याच्या कडेकडेने फिरायचं, ते कुठे सरकतंय ते बघायचं, आणि खालच्या होड्यांना रेडिओवरून परत फिरायला सांगायचं. ठरलेला संदेश हिंदी-इंग्रजीत. तो ऐकून कोकणातले मच्छीमार काही जाळी आवरायचे नाहीत! मग बाबा शेवटी पदरचं एक वाक्य घालायचे — "घरी चला रे, भात निवतोय." वरिष्ठांची बोलणी खाल्ली, पण होड्या वळायच्या. लहानपणी मला खेळातून घरी बोलवायलाही हीच हाक असायची.

गेल्या उन्हाळ्यातला एक शनिवार. एका चक्रीवादळाचं उरलंसुरलं शेपूट आमच्याकडे येणार होतं, पण रात्री, असं फोन सांगत होता. शेजारच्या क्रेगने मीराला त्याच्या छोट्या बोटीतून मासे धरायला न्यायचं कधीचं कबूल केलं होतं. सकाळी लख्ख ऊन होतं.

"नका जाऊ," बाबा म्हणाले. "वादळ काही तुमचा फोन बघून येत नाही."

"बाबा, तुम्ही रिटायर झालात आता," मी म्हटलं. जरा फटकनच म्हटलं. ते भाजी निवडायला बसले. गाडीत बसल्यावर माझं मलाच वाईट वाटलं, पण मी काही परत गेले नाही.

माना गावच्या धक्क्यावरून निघालो आणि माना बेटाच्या आडोशाला गळ टाकून बसलो. मीराला चांगला हातभर काहावाई मासा लागला. पोरगी नाचायची तेवढी राहिली होती. मी निघायचं का विचारलं, तर क्रेग म्हणाला, "हीप्स ऑफ टाइम. स्वीट अ‍ॅज!" म्हणजे भरपूर वेळ आहे, सगळं झकास. वारा ईशान्येचा, केसही धड उडत नव्हते. अकराच्या सुमारास बोटीवरचा रेडिओ खरखरला.

"वाऱ्याकडे पाठ करा. डावा हात पसरा... नाही, नाही. उजवा. इथे उजवा. वादळ उजव्या हाताला आहे. घरी चला रे, भात निवतोय."

मराठीत... बाबांच्या आवाजात.

"मम्मा, दॅट्स आजोबा!" मीरा ओरडली.

"वॉट लँग्वेज वॉज दॅट?" क्रेगने विचारलं. म्हणजे त्यानेही ऐकलं होतं.

मी उठले, वाऱ्याकडे पाठ केली, उजवा हात पसरला. हात नेमका बेटाकडे गेला. त्यापलीकडचं आम्हाला काहीच दिसत नव्हतं. "क्रेग, प्लीज, पलीकडे काय आहे तेवढं बघू," मी म्हटलं. माझा चेहरा बघून बिचाऱ्याने वाद घातला नाही. बेटाचं टोक ओलांडलं आणि समोरचं अख्खं आभाळ काळंनिळं... खालचं पाणी पांढरं होत आमच्याकडे येत होतं. क्रेगने एक शिवी हासडली आणि बोट वळवली.

बोट ट्रेलरवर चढते न चढते तोच वारा फिरला. लाटा धक्का ओलांडून पार्किंगमध्ये आल्या. आम्ही बसलो होतो तिथे आडोसा म्हणून काही उरलं नव्हतं. मी मीराला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, "मम्मा, आय कान्ट ब्रीद."

घरी सचिनला अजून काहीच माहीत नव्हतं. तोच हसत सांगायला लागला, "अगं, अकरा वाजता बाबा बॅकयार्डमध्ये हात पसरून उभे! आधी डावा, मग उजवा. काय करताय विचारलं, तर म्हणे, पोरींना बोलावतोय."

उजवा का, ते मीराने सांगितलं. आदल्या दिवशी बाबा तिला शिकवत होते की वाऱ्याकडे पाठ केली की वादळ डाव्या हाताला. तिने त्यांची चूक काढली — तिकडे भारतात डाव्या, पण आपण दक्षिण गोलार्धात, इथे उजव्या. "ही कीप्स गेटिंग इट राँग," ती म्हणाली. मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

आमच्या घरात रेडिओ नाही. बाबांचा फोन आत चार्जिंगला होता. मध्ये डोंगर आहेत. सचिन आयटीवाला, त्याने आठवडाभर डोकं खाजवलं. क्रेगने त्या दिवशीच्या इतर बोटवाल्यांना विचारलं, तर कुणीही काही ऐकलं नव्हतं. आणि बाबा म्हणतात, "अगं, मी मनातल्या मनात म्हणालो. तोंडसुद्धा उघडलं नाही." कुणाला काही सुचत असेल तर जरूर कळवा. आम्ही शोधणं सोडलंय, आणि खरं सांगू, आम्हाला त्याचं दुःखही नाही.

त्या दुपारी मी बाबांजवळ गेले आणि म्हटलं, "सकाळी मी जे बोलले ना, ते..."

"आधी जेवायला बस," ते म्हणाले आणि स्वतःच्या हाताने मला वाढलं.

भात खरंच निवला होता. मी दोनदा मागून घेतला.