बल्ब नसलेला लाल दिवा

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या घरी देवघर नव्हतं. देवघराच्या कोनाड्यात पत्रकांचे गठ्ठे असायचे. बुवाबाजीविरुद्धची पत्रकं मी स्वतः लिहून चौकाचौकात वाटली आहेत. म्हणून हे लिहिताना मला भीती वाटत नाही — संताप येतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, नामदेवकाका, नागपुरात एका सरकारी खात्यात ड्रायव्हर होते आणि मी त्याच खात्यात नवा कारकून. काकांच्या गाडीतला ऑइलचा लाल दिवा मधूनच लागायचा. इंजिनमध्ये तेलाचं प्रेशर कमी झालं की लागतो तो. काकांनी लॉगबुकात नऊ वेळा तक्रार लिहिली. लकडगंजच्या पलीकडे खात्याचं वर्कशॉप होतं. तिथला फोरमन गाडी रात्रभर ठेवून घ्यायचा, सकाळी सातला थंडगार इंजिन चालू करायचा आणि शेरा मारायचा — "दोष आढळला नाही."

"गाडी गरम झाल्यावर लागते तो," काका सांगायचे. "बेसा गावापर्यंत चालवून आण, मंग पाह्य."

"तू मले शिकवतं काय बे?" फोरमन खेकसायचा. " स्टेअरिंग धर अन् चूप राह्य!"

मे महिन्यात, भर दुपारी, बेसा रोडवर दिवा लागला तो विझेचना. साहेब मागे बसलेले. काकांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. साहेबांना त्या उन्हात पायी चालावं लागलं. दुसऱ्या दिवशी काका सस्पेंड — "खोटे कारण सांगून वाहन थांबवले." खोटे का? तर फोरमनने लिहून दिलं होतं की रोजच्या कटकटीला कंटाळून त्याने पंधरा दिवसांपूर्वीच त्या दिव्याचा बल्ब काढून टाकला आहे!

म्हणजे पेशंट कण्हतो म्हणून डॉक्टरने त्याच्या तोंडात बोळा कोंबायचा आणि लिहायचं, आराम आहे!

पण मग काकांना रस्त्यावर दिसलं काय? चौकशीत त्यांची बाजू मी मांडणार होतो. मी म्हटलं, "काका, दिव्याचं सोडा. इंजिनमधून आवाज आला म्हणा. ते पटेल."

"आवाज आलाच नाही. मी लबाड काहून बोलू गा?"

"नोकरी जाईल काका!"

"तू पत्रकात काय लिहितं? खरं बोला म्हणून. मंग?"



चौकशी वर्कशॉपमध्येच झाली. मी एकच अट घातली — गाडी आधी तासभर पळवा. पळवली. दुपारचे बारा वाजले असतील. काका सीटवर, इंजिन चालू. फोरमनने डॅशबोर्डच्या खालून हात घालून होल्डर ओढून काढला. "पाहा साहेब. रिकामा. बल्बच नाही तर लागन काय, याचं डोकं?" त्याचे दोन मेकॅनिक हसले.

आणि लाल दिवा लागला.

"उन्हाची तिरीप आहे," चौकशी अधिकारी म्हणाले. मलाही तेच वाटलं. मी उन्हासाठी डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडून समोरच्या काचेवर ताणून धरला. दोन्ही दारांशी माणसं दाटून उभी होती, आत अंधारलं. दिवा तसाच. त्याचा लाल उजेड काकांच्या बोटांवर पडला होता. काकांनी ॲक्सिलरेटर दाबला — विझला. पाय काढला — लागला. ऑइलचा दिवा जसा वागतो, अगदी तसा... फोरमनच्या हातातला होल्डर गळून पडला. काकांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, तेव्हा उजेड गेला.

मग अधिकाऱ्यांनी पेन काढून पंचनाम्यात लिहिलं, "दिवा लागल्याचे आढळले नाही." फोरमनने सही केली. दोन्ही मेकॅनिकांनी केली.

"साहेब, तुम्ही आत्ता पाहिलंत!"

"मी जे लिहिलंय ते पाहिलंय."

मी सही केली नाही. इंजिन उघडल्याशिवाय इथून हलणार नाही, असं ओरडून सांगितलं आणि गाडीसमोर बसलो. संध्याकाळी इंजिन उघडलं. ऑइल पंपाचे दात झिजून सपाट झाले होते. त्या दिवशी काका थांबले नसते, तर बेसा रोडवरच इंजिन जाम झालं असतं.

काकांना कामावर घेतलं. ऑर्डरमध्ये माफी नव्हती. एक ओळ होती — "वाहनचालकाने नेत्रतपासणी करून घ्यावी."

मी पेटलो. त्याच आठवड्यात पत्रक काढलं. त्यात थंड इंजिन होतं, काढलेला बल्ब होता, झिजलेला पंप होता, नेत्रतपासणीची ओळ ठळक टाइपात होती. काकांना पहिली प्रत दिली. त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं, मग कागद उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"दिवा काहून नाही लिहिला गा?"

लोक हसतील म्हणून. बुवाबाजीविरुद्ध लिहिणाऱ्याचं हसं होईल म्हणून. चौकशी अधिकाऱ्याने पंचनाम्यातून जे गाळलं, तेच मी पत्रकातून गाळलं होतं — आणि पत्रक लिहिताना माझ्यावर तर कोणी साहेबही नव्हता.

होल्डर रिकामा होता, आणि दिवा लागला होता. आम्ही सहा जणांनी पाहिला. कसा लागला, मला माहीत नाही. ही माझी सही.