दहा लाख एकचा भाजक

आमच्या गणिताच्या सरांनी एकदा फळ्यावर १०००००१ हा आकडा लिहिला आणि सांगितलं, "ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेच भाग जात नाही."

मी तेव्हा घाटकोपरच्या मराठी शाळेत नववीत होतो. घरी येऊन ताईला हे सांगितलं. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. गिरणीच्या संपात बाबांची नोकरी गेली आणि नववीतच तिची शाळा सुटली. "चेडवाक शाळा कित्याक?" मुलीला शाळा कशाला, एवढंच बाबा म्हणाले होते. तेव्हापासून ती घरी बसून पाकिटांवर टिकल्या चिकटवायची.

"सरांनी भागून बघितलं का रे?"

"सर कशाला खोटं बोलतील?"

"खोटं नाही रे. चुकले असतील."

तिने एक फाटकं पाकीट उलटं केलं आणि भागाकार मांडला. शेवटी एक, म्हणून दोन आणि पाच बाद. अंकांची बेरीज दोन, म्हणून तीन बाद. सात, अकरा, तेरा, तिघांनीही भागून बाकी दोनच. ती हसली आणि पुढे गेली. सतरा, एकोणीस, तेवीस. मी कंटाळून खेळायला पळालो. परत आलो तेव्हा आठ-दहा पाकिटं भरली होती. एकशे एकने भाग जात होता. भागाकार नऊ हजार नऊशे एक, बाकी शून्य.

"सरांना दाखव," ताई म्हणाली. "आणि कोणी केलं तेही सांग."

मी ते वहीत उतरवून नेलं. सरांनी उभ्या उभ्या गुणाकार करून पाहिला. "कोणी केलं हे?"

"मी."

का म्हणालो, ते आजही सांगता येत नाही. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, एवढंच आठवतं.

घरी ताई दारातच उभी होती. "काय म्हणाले सर?"

"म्हणाले, पोरगी हुशार आहे."

आठ दिवसांनी ती शाळेत आली. तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं होतं. सरांनी मला वर्गातून बोलावून तिच्या शेजारी उभं केलं. "गणित जड जाईल तुला. भावाकडून शिकून घे. दहा लाख एक फोडला यानं, माहितेय ना?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. "माहितेय," म्हणाली आणि फॉर्म न घेताच निघून गेली.

ती ओरडेल, आईला सांगेल, म्हणून मी घाबरत घरी गेलो. ती टिकल्या चिकटवत बसली होती. वर बघितलंसुद्धा नाही. दहावीचा विषय तिने पुन्हा काढला नाही. दोन वर्षांत तिचं लग्न झालं. मी इंजिनियर झालो, आणि सर दर वर्षी नववीच्या पोरांना माझी गोष्ट सांगत राहिले.

पुष्कळ वर्षांनी मी ताईची माफी मागितली. ती भाजी निवडत होती.

"सरांना सांगितलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगतोस?"

सर तेव्हा हयात होते. तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर राहायचे. मी गेलो नाही.