दस्तगीरचं बिननावाचं पाकीट

दस्तगीरच्या दुकानात टेबलावर दोन कॉम्प्युटर कायम झाकणं काढून ठेवलेले असत. एक जुना, पेंटियम फोर प्रोसेसरचा. दुसरा नवा, कोअर टू ड्युओचा. बाकी सगळं सारखं: रॅम तेवढीच, ग्राफिक्स कार्ड तेच, आणि दोन्हींवर गाड्यांच्या शर्यतीचा एकच गेम. गिऱ्हाईक यायचं, डब्यावरचे आकडे वाचायचं आणि म्हणायचं, "भाई, जुना तीन गिगाहर्ट्झचा, नवा दोन पॉइंट आठचा. मग जास्त पैसे कशाचे घेता?"

त्यात गिऱ्हाइकाचा दोष नव्हता. दोन हजार नऊचं लातूर होतं ते. इथं पोराची ओळख नावाआधी मार्कांनी व्हायची, आणि अर्ध्या मार्कासाठी आईबाप डॉक्टर सोडून देवऋषीपर्यंत जाऊन यायचे. तीनपेक्षा दोन पॉइंट आठ मोठा कसा, हे या गावाला तोंडानं पटवणं शक्यच नव्हतं.

दस्तगीर पटवायच्या भानगडीत पडत नसे. तो गिऱ्हाइकाला आधी जुन्यासमोर बसवायचा. सरळ रस्त्यावर गाडी बरी पळायची, पण वळणावर चार गाड्या एकत्र आल्या की चित्र अडखळायचं आणि गाडी कठड्यावर जाऊन आदळायची. मग नव्यावर तेच वळण. गाडी अलगद निघून जायची.

"आडतीवर बघितलंय न्हवं?" दस्तगीर म्हणायचा. "एक हमाल पळत पळत पोती टाकतो, अन् दोघं निवांत चालत टाकतात. ट्रक कुणाचा आधी भरतो? जुन्यात हमाल एक हाय, नव्यात दोन. अन् एकटा पळणारा तापतो बी लई."

पण ज्याला नुसते अर्ज टाइप करायचेत त्याला तो तोंडावर सांगायचा, "तुमचं जुन्यावर भागतंय. जावा घरी." धंद्यातले लोक त्याला वेडा म्हणत, आणि स्वतःच्या पोरांचे कॉम्प्युटर मात्र त्याच्याकडंच आणत. दस्तगीरनं सांगितलं म्हणजे झालं, असं गाव म्हणायचं.

ही खरं बोलण्याची खोड त्याला जन्मानं लागलेली नव्हती. त्याची धाकटी बहीण दिलशाद किल्लारीशेजारच्या एका गावात दिली होती. ब्याण्णव सालच्या पावसाळ्यापासून त्या भागात जमीन गुरगुरायची, भांडी वाजायची. दिलशाद घाबरून लेकराला घेऊन लातूरला आली, महिनाभर राहिली. मग सासरहून निरोप आला. एसटी स्टँडवर गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून तिनं विचारलं होतं, "भाईजान, जाऊँ क्या?"

दस्तगीरला जमिनीतलं काय कळत होतं? रेडिओ दुरुस्त करणारा माणूस तो. पण बहिणीला बरं वाटावं म्हणून ठासून म्हणाला, "जा गे. कुछ नै होता."

त्र्याण्णवच्या सप्टेंबरातल्या भूकंपात ते घर दगडामातीसकट खाली आलं. दिलशाद आणि तिचं लेकरू दोन दिवसांनी सापडलं. ढिगारा उपसायला दस्तगीरसोबत जो माणूस शेवटपर्यंत थांबला, तो त्या गावच्या शाळेतला तरुण मास्तर अनंतराव. शाळेच्या पत्र्याच्या खोलीत राहायचा म्हणून वाचला होता. हाताची नखं निघाली तरी त्यानं दगड सोडले नाहीत, आणि दिलशादला झाकायला स्वतःची चादर आणून दिली. त्या दिवसापासून दस्तगीर कुणाला बरं वाटावं म्हणून एक अक्षर बोलला नाही.

त्या अनंतरावाची मुलगी मुग्धा. अनंतराव पुढं देगलूरच्या हायस्कुलात लागले, आणि मुग्धाला अकरावीला लातूरला ठेवलं. आई लता तिच्यासोबत क्लासेसच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहायची, आणि अनंतराव शनिवारच्या एसटीनं यायचे. अभ्यासाच्या सीड्या बघायला म्हणून कॉम्प्युटर घेतला, तो अर्थात दस्तगीरकडूनच. पोरगी त्यावर सीड्याही बघायची आणि शर्यतीही खेळायची. दुकानातल्या टेबलावर तिनं तीनदा बसून जुना-नवा पारखला, स्कॉलरशिपच्या बक्षिसातून नवा प्रोसेसर घेतला, आणि म्हणाली, "काका, तुम्ही बसवू नका. मी बसवते."

दस्तगीरनं स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हातात दिला. चिप कडेनं कशी धरायची, वरून उष्णता ओढून घेणारी पेस्ट किती लावायची, पंखा कसा समान दाबायचा, सगळं दाखवलं. पोरीचा हात एकदाही हलला नाही. इतकी वर्षं पोरांना शिकवलं, पण असा हात त्यानं पाहिला नव्हता. "बेटा, तुझा हात मशिनचा हाय," तो म्हणाला. खरं होतं म्हणून म्हणाला.

मुग्धानं ते मनावर घेतलं. तिनं दोन्ही ग्रुप घेतले होते, गणितही आणि बायोलॉजीही. बारावीनंतर इंजिनिअरिंगचाच फॉर्म भरायचा हे तिचं ठरून गेलं. अनंतरावांचंही ती जन्मली तेव्हापासूनच ठरलेलं होतं, पण उलट. घरात एकच लेकरू, ते डॉक्टर व्हायचं.

आता या क्लासेसच्या गल्लीतली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. परीक्षेच्या आधी आईबाप पोरांचे कॉम्प्युटर दुकानात आणायचे आणि म्हणायचे, "परीक्षेपुरता याला गरीब करून द्या." म्हणजे ग्राफिक्स कार्ड काढायचं, नवा प्रोसेसर काढून जुना बसवायचा. सीड्या चालतील, गेम चालणार नाही. काढलेला भाग दुकानदार पाकिटात घालून ठेवायचा आणि परीक्षा झाली की परत बसवून द्यायचा. बाकीचे दुकानदार हे गुपचूप करत. दस्तगीरची अट होती, की पोरानं स्वतः समोर उभं राहायचं आणि पाकिटावर आपलं नाव लिहून सही करायची. फेब्रुवारीत त्याच्या खणात अशी तीस-चाळीस पाकिटं असायची. पोरं कुरकुरत, पण सही करत, आणि पेपर संपल्यावर धावत येत.

जानेवारीत एका सकाळी अनंतराव रिक्षातून मुग्धाच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट घेऊन आले. मुग्धा क्लासला गेली होती.

"दस्तगीरभाई, नवा काढून जुना बसवून द्या."

"बसवतो की, गुरुजी. मुग्धाबेटाला घेऊन या संध्याकाळी. सही—"

"तिला कळायला नको." अनंतराव स्टुलावर बसले. "नुसता काढून उपयोग नाही. ती परीक्षेनंतर परत बसवेल आणि पुन्हा तेच. सराव परीक्षेत बायोलॉजीला एकसष्ट आलेत तिला. एकसष्ट! सांगते, मला डॉक्टर व्हायचं नाही, दस्तगीरकाका म्हणतात माझा हात मशिनचा आहे. तुमच्याशिवाय ती कुणाचं ऐकत नाही. तुम्ही सांगा की प्रोसेसर जळला. तिच्या हातानं जळला."

"गुरुजी, हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

अनंतराव खाली मान घालून रडायला लागले. पन्नाशीकडं झुकलेला मास्तर भर दुकानात रडतोय, आणि दस्तगीरची नजर त्यांच्या नखांवर गेली. दोन नखं पुन्हा नीट उगवलीच नव्हती. चादरीचं नाव अनंतरावांनी काढलं नाही; काढलं असतं तर दस्तगीरला नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

त्यानं चिप काढली. जुनी बसवली. नवी पाकिटात घातली आणि सवयीनं पेन उचललं. पण नाव कुणाचं लिहिणार आणि सही कुणाची घेणार? पाकीट कोरंच खणाच्या तळाशी गेलं.

संध्याकाळी मुग्धा आली. सायकल नीट लावायचंही भान तिला नव्हतं. "काका, बाबा म्हणतात जळला. कसा जळेल? नवा थंड चालतो, तुम्हीच सांगितलंत ना?"

"पेस्ट कमी पडली, बेटा," दस्तगीर म्हणाला. "पंखा एका बाजूनं उचललेला होता."

"मीच दिवाळीत काढून साफ केला होता." पोरीचा चेहरा पांढरा पडला. "दाखवता मला?"

"भंगारात गेला."

सगळं टेबलावर मांडून दाखवणाऱ्या माणसानं पहिल्यांदाच काही दाखवलं नाही, आणि पोरीनं तरीही मानलं. दुसरा कुणी असता तर तिनं भंगाराचं पोतं उपसलं असतं. दस्तगीरकाका म्हणाले, म्हणजे झालं. ती आपल्या हातांकडे बघत उभी राहिली, मग सायकल घेऊन गेली. दस्तगीरनं तेव्हाच शटर ओढलं आणि घरी जाऊन उपाशी झोपला.

मुग्धानं अभ्यास केला. गेमच काय, कॉम्प्युटरलाच हात लावला नाही. परीक्षा झाली तेव्हा दस्तगीर म्हणाला, "गुरुजी, आता सांगू द्या." अनंतराव म्हणाले, फॉर्म भरू दे, मग. मुग्धानं एकच फॉर्म भरला, मेडिकलचा. त्या दिवशी ती दुकानात सांगायला आली होती. "एक पंखा धड बसवता आला नाही काका, मी काय मशिनं बनवणार?" दस्तगीरच्या घशापर्यंत शब्द आला होता. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, एवढं कारण त्याला पुरलं. भित्रेपणाला कारण लागतंच किती? नंतर अनंतराव म्हणाले, कॉलेज सुरू होऊ दे. कॉलेज नांदेडला सुरू झालं. पेढे आले. दस्तगीरनं पेढा हातात धरला आणि गिऱ्हाइकाला देऊन टाकला.

पुढच्या फेब्रुवारीत लता दुकानात आली. ती कधी एकटी यायची नाही. म्हणाली, "मुग्धा जेवत नाही. डिसेक्शनला सुरी धरली की हात थरथरतो तिचा. पोरं हसतात. परीक्षेत नापास झालीय. म्हणते, माझ्या हातात काहीच देऊ नका. भाई, तुमचं ऐकते ती. तुम्ही समजवा."

लताला काहीच माहीत नव्हतं. दस्तगीरनं रात्री बायकोला, बुशराला, सगळं सांगितलं. बुशरानं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "दिलशादके बखत बोलनेकू कोई बचाच नै था. ये छोकरी जिंदा है. जाव."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या नांदेड गाडीत तो बसला. पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, तो मनात वाक्यं जुळवत राहिला. अजून वेळ गेलेली नव्हती. जूनमध्ये इंजिनिअरिंगचे फॉर्म पुन्हा निघतात. गणित तिचं पक्कं होतं. एकदा तिला कळलं की हात तिचा नाही, जीभ आपली बिघडली होती, की पोरगी उभी राहील.

होस्टेलच्या फाटकापाशी मुग्धा आली. पांढऱ्या कोटात ती एवढीशी दिसत होती. दस्तगीरनं आडवळण घेतलं नाही. जानेवारीतली सकाळ, रिक्षा, अनंतराव, सगळं सांगितलं. मग पाकीट तिच्या हातात दिलं. "तुझा प्रोसेसर हाय. जळला नव्हता. मी खोटं बोललो, बेटा. तुझ्या हातानं काही बिघडलं न्हाई."

मुग्धानं चिप कडेनं धरून बाहेर काढली, त्यानं शिकवली होती तशीच. चिपवर छापलेलं मॉडेलचं नाव वाचलं. क्षणभर तिचा चेहरा उजळला, आणि दस्तगीरच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं पाकीट उलटसुलट करून बघितलं.

"यावर नाव नाही काका."

"न्हाई लिहिलं. लपवलं होतं ना."

"तुमच्याकडच्या प्रत्येक पाकिटावर नाव असतं. सही असते." ती हसली, आणि ते हसू दस्तगीरला बघवलं नाही. "आईनं पाठवलं ना तुम्हाला? मला बरं वाटावं म्हणून?"

"आईनं सांगितलं जा म्हणून, पण हे तिला ठाऊक न्हाई. लातूरला चल. टेबलावर लावून दाखवतो. चालतो की न्हाई बघ."

"चालेलच. बाजारातून आणलेला कुठलाही चालेल." तिनं चिप अलगद पाकिटात सरकवली. "माझ्यासाठी एवढ्या लांब आलात. पण काका, सगळं लातूर सांगतं, तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून. तुम्ही म्हणालात जळला, म्हणजे जळलाच होता."

"बापाला फोन लाव! त्यांना विचार!"

"बाबा तर काय, मी जेवावं म्हणून काहीही कबूल करतील."

दस्तगीर अल्लाची शपथ घ्यायला गेला, पण शपथ म्हणजे तरी पुन्हा तोंडचं बोलणंच. आयुष्यभर ज्यानं प्रत्येक गोष्ट शेजारी शेजारी लावून सिद्ध करून दाखवली, त्याच्याकडं आपल्या दोन बोलण्यांतलं खरं कुठलं हे दाखवायला काहीही नव्हतं. आत घंटा झाली. मुग्धानं पाकीट त्याच्या हातात परत ठेवलं, वाकून त्याच्या पायाला हात लावला आणि विचारलं, "काका, जाऊ का?"

त्याला एसटीच्या पायरीवर पाय ठेवलेली दिलशाद दिसली. मुग्धा फाटकातून आत गेली.

लातूरला उतरल्यावर दस्तगीर घरी न जाता दुकानात गेला. टेबलावरच्या दोन्ही मशिनांना त्यानं झाकणं बसवली आणि एकेक स्क्रू आवळला. दुसऱ्या दिवशी एक बाप पोराला घेऊन आला. म्हणाला, "भाई, जुना घेऊ की नवा? तुम्ही सांगाल ते खरं."

"दुसऱ्या दुकानात विचारा," दस्तगीर म्हणाला.