इन्सुलिन पेनचं घट्ट झाकण

मित्रांनो, आज फार थकलोय. मी इन्सुलिन पेनचं बाहेरचं प्लास्टिकचं कवच डिझाइन करतो. उद्या त्याचा साचा बनवायला द्यायचा होता, म्हणून आज नमुना घेऊन उमरेडच्या शांतामावशींकडे गेलो; त्या रोज इन्सुलिन घेतात.

जन्मभर हातमाग चालवून त्यांची बोटं आखडली आहेत. झाकण ओढलं, निघेना. मग त्यांनी ते सरळ दातात धरलं.

"मावशी, दातानं काहून?"

"घरचा पेन बी असाच उघडतो बापा. सून कामावर गेली का कोणाले सांगू?"

झाकण कसं उघडता, हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

तिथूनच साहेबांना फोन केला. "साचा थांबवा."

"पुन्हा?"

"हो, पुन्हा."

तुमच्या घरी कुणी इन्सुलिन घेत असेल, तर ते झाकण कसं उघडतात, जरा बघून सांगाल का?